नाव घातलेला भोपळा

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता श्वेता मोरीत कोमट पाण्याची बादली, जुना टूथब्रश आणि भांड्यांचा साबण घेऊन बसली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की धुवायचा तो भोपळाच घरात नाही.

तिने बाल्कनीत पाहिलं. स्वरदाच्या टेबलाखाली पाहिलं, चपलांच्या रॅकमागे पाहिलं. शेवटी फ्रीजही उघडून पाहिला. पाच किलोचा भोपळा त्या फ्रीजमध्ये भाज्यांचा कप्पा काढल्याशिवाय मावला नसता, हे तिलाही ठाऊक होतं. पण घाबरलेला माणूस फ्रीज उघडतोच. मग ती बेडरूमच्या दारात उभी राहिली आणि कपाटाच्या माथ्याकडे बघत राहिली. तिथे जुन्या लुगड्याची चुंबळ होती, चुंबळीला मधोमध खळगा होता, आणि त्या खळग्यात काही नव्हतं.

हा भोपळा म्हणजे साधासुधा भोपळा नव्हे. तो श्वेताच्या सासूबाईंचा, वनमालाबाईंचा भोपळा. मालवणजवळच्या गावाहून त्यांचा धाकटा भाऊ कुंडलिक दरवर्षी एक भोपळा बोरिवलीला पाठवायचा, आणि त्या भोपळ्यावर दरवर्षी नाव असायचं. वेलावर तो मुठीएवढा कोवळा असतानाच कुंडलिकमामा काट्याने त्याच्या सालीवर ‘वनी’ असं कोरायचा. भोपळा वाढायचा तशी अक्षरंही वाढायची, आणि पिकेपर्यंत दोन्ही अक्षरं चांगली बोटभर उंचीची, खरबरीत, सालीच्या वर उठून आलेली असायची. लग्न होऊन आल्यापासून श्वेता हे अकरा वर्षं बघत होती. डब्यांवर नावं घालतात, तसं हे आपलं वाटणीचं नाव, एवढंच तिने त्यातून घेतलं होतं. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीने आणखी काय घ्यावं?

यंदा कुंडलिकमामा नारळी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गेला. दसऱ्याला त्याचा मुलगा सिद्धेश गावाहून आला, तो भोपळा घेऊनच. एरवी आलेला भोपळा आठ दिवसांत घारगे आणि भाजी होऊन संपायचा. यंदा वनमालाबाईंनी तो कपाटावर चढवला आणि विषयच काढला नाही. दिवाळी आली, गेली. भाऊबीजेला त्यांनी बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं, आणि दुसऱ्या दिवशी थोडे दिवस राहायला म्हणून दिंडोशीला शकुकडे, म्हणजे कुंडलिकमामाच्या मुलीकडे, निघून गेल्या. भोपळा वरच राहिला.

तशात शुभाताईंना सुचलं. शुभाताई म्हणजे सोसायटीच्या सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष, सचिव आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद. त्यांची मुलगी कॅनडात. तिने तिथल्या शरद ऋतूतले कोरलेल्या भोपळ्यांचे फोटो पाठवले आणि बोरिवलीत शरद ऋतू साजरा न झाल्याचं दुःख शुभाताईंना एकाएकी सहन होईना. सभा भरली. कोरण्याला जुन्या बायकांनी तिथल्या तिथे नकार दिला. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिला घाव घालायचा नसतो, आधी पुरुषाने सुरी लावायची, मग बायका. पन्नास मुलींच्या हातात सुऱ्या देऊन तुम्ही काय आरंभलंय, असं एक आजी उठून म्हणाल्या. शिवाय या उकाड्यात कोरलेल्या भोपळ्याला संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या असत्या. तेव्हा ठरलं, की भोपळे रंगवायचे. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी, घरटी एक, सगळ्या कुटुंबाने मिळून.

सगळं कुटुंब म्हणजे श्वेताच्या घरात उरलेल्या दोघी. नवरा निलेश जहाजावर, चार महिन्यांनी येणार. शनिवारी संध्याकाळी लॅबमधली ड्युटी संपवून श्वेता बाजारात गेली, तर प्रत्येक भाजीवाल्याकडे भोपळ्याच्या फाका. अख्खे भोपळे सोसायटीतल्या बायकांनी सकाळीच उचलले होते. घरी नऊ वर्षांची स्वरदा ब्रश धुऊन, वर्तमानपत्र पसरून, वाटीत पाणी घेऊन बसलेली. श्वेताची नजर कपाटावर गेली आणि आईच्या मनात जे येऊ नये, ते आलं.

आता बाजू मांडायची तर श्वेताकडे पुष्कळ मुद्दे होते. पोस्टर कलर पाण्याने निघतो. कापायचा नाही, सोलायचा नाही, नुसता वरून रंगवायचा. सासूबाई मंगळवारी येणार. सोमवारी धुतला, पुसला, परत चुंबळीवर ठेवला की कुणाला पत्ता लागणार होता? आजी ओरडेल, असं स्वरदा म्हणालीही. नऊ वर्षांच्या मुलीला जे कळतं ते छत्तीस वर्षांच्या बाईला कळू नये, असं घराघरांत होतं.

रविवार मात्र मजेत गेला, ते कबूल करायला हवं. किती दिवसांनी दोघी मायलेकी एका कामाला बसल्या होत्या. भोपळ्याच्या उभ्या फुगीर भागांच्या लाटा केल्या. सगळा समुद्र निळा, त्यात बाबांचं जहाज, जहाजावर हात हलवणारे बाबा, आणि बाबांपेक्षा मोठा एक पापलेट. अक्षरांवरून ब्रश अडखळायला लागला तेव्हा स्वरदाने तिथे निळा रंग जाड थापला. श्वेताने पापलेटाचा डोळा काढला आणि तो इतका रागीट झाला, की दोघी हसून हसून दमल्या. मग मंडपातल्या टेबलांवर सगळे भोपळे मांडले गेले, परीक्षक आले, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्वरदा मैत्रिणींबरोबर पाणीपुरीच्या रांगेत पळाली. श्वेताला लॅबमधून फोन आला. भोपळा मुलीने घरी नेला, असं आईला वाटलं. आईने नेला असेल, असं मुलीला वाटलं.

सोसायटीचा ग्रुप श्वेताने गणपतीपासून मुका करून ठेवला होता. कपाटासमोर उभ्या उभ्या तिने तो आता उघडला. चौसष्ट फोटोंच्या खाली शुभाताईंचा निरोप होता: ज्यांना आपापले भोपळे हवे असतील त्यांनी सकाळी आठच्या आत न्यावेत, उरलेले आरेच्या बाजूच्या म्हशींच्या तबेल्याला देण्यात येतील, अन्न वाया जाऊ नये ही विनंती. खाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते.

श्वेता चपला उलटसुलट घालून खाली धावली. मंडपात टेबलं होती, रंगाचे डाग होते. टेम्पो सव्वाआठलाच गेला, असं वॉचमनने सांगितलं. गोण्यांत भरून दिले ना मॅडम सगळे, तो अभिमानाने म्हणाला.

तिथेच गेटपाशी फोन वाजला. सासूबाई. श्वेताने तो उचलावा की नाही याचा विचार केला, आणि न उचलल्यास त्या सलग सात वेळा करतील हे आठवून उचलला. वनमालाबाईंनी दुधाचं विचारलं, स्वरदा शाळेत गेली का ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, “भोपळो बरो असा मा?”

“हो आई. बरा आहे.”

“देठाकडे हात लावन बघ हां. देठ घट्ट असा तवसर तो ऱ्हवता. मऊ लागलो तर माका सांग.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “कुंडलिकाच्या हातचो शेवटचो तो. पावसात उभो रवान नाव घातल्यान, आणि आठव्या दिसाक गेलो.”

श्वेता गेटच्या खांबाला धरून उभी राहिली. नाव यंदा सिद्धेशने घातलं असणार, असं ती धरून चालली होती. तिने हिशेबच केला नव्हता, की भोपळा दसऱ्याला पिकला तरी अक्षरं पडली ती पावसात. की मामा गेल्यावरही त्याचं अक्षर दीड महिना वेलावर वाढत राहिलं होतं. मामाचं या घरात दुसरं काही नव्हतं. त्याने कधी पत्र लिहिलं नाही, फोटो काढायला तो उभा राहिला नाही. होती ती दोन अक्षरं, आणि ती आपण निळ्या रंगात बुडवून म्हशींना पाठवली.

“काय झाला गो? आवाज असो कित्याक?” वनमालाबाईंनी विचारलं. बाहेर आहे, गाड्यांचा आवाज आहे, असं काहीतरी सांगून श्वेताने फोन ठेवला आणि समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसली.

हायवेला नेहमीची गर्दी होती आणि रिक्षावाला ती बघून खूश झाल्यासारखा गुणगुणत होता. श्वेता मनातल्या मनात म्हशींशी बोलत होती. एक म्हैस पाच किलोचा भोपळा किती वेळात खाते, याचा तिने आयुष्यात कधी विचार केला नव्हता. आता तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आधी कापत असतील. कोयत्याने दोन तुकडे, चार तुकडे. ती टेम्पोच्या मागे सव्वा तास होती. सव्वा तासात किती भोपळे कापून होतात? त्यात तबेला शकुच्या घरापासून फार लांब नव्हता, आणि सासूबाईंना सकाळी फिरायला जायची सवय. दिंडोशीचा सिग्नल लागला तेव्हा श्वेताने ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली.

तबेल्याच्या तोंडाशीच शेणाच्या आणि ओल्या पेंढ्याच्या वासात एक ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा माणूस केशरी फाका टोपलीत भरत होता. त्या फाका बघून श्वेता धावतच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिला तोंडातून धड वाक्य काढता येईना. बोरिवली, टेम्पो, भोपळे, एवढंच ती म्हणाली.

तो माणूस, खंडू त्याचं नाव, तिथला मुकादम, टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभा राहिला. “तुमीच व्हय ते?” तो म्हणाला. “जनावराच्या तोंडाला कुनी रंग लावून खाणं देतं का? तुमच्या पोराला लावून द्याल का चपातीला असला रंग?”

श्वेताला आयुष्यात कुणाचं बोलणं इतकं गोड लागलं नव्हतं. म्हणजे तुम्ही दिले नाहीत खायला, तिने विचारलं. खंडूने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. टोपलीतल्या फाका बाजारातून आलेल्या होत्या. सोसायटीच्या चार गोण्या त्याने उघडल्या होत्या, बघितल्या होत्या, शुभाताईंना फोन करून दहा मिनिटं सुनावली होती, आणि भोपळे भिंतीला ढिगाने लावून ठेवले होते. दुपारी खताच्या खड्ड्यात टाकणार होता. ज्या रंगासाठी श्वेता सकाळपासून स्वतःला शिव्या घालत होती, त्या रंगानेच भोपळा वाचवला होता.

पण जीव भांड्यात पडायला अजून अवकाश होता. भिंतीशी एकतीस भोपळे होते, आणि एकतीसचे एकतीस सारखे. रात्रीच्या दमट हवेत रंग नीट वाळले नव्हते, गोण्यांत ते एकमेकांना घासले होते, आणि मोर, सूर्यफुलं, आजोबांचे चेहरे, वाघ, सगळ्यांचा मिळून एक चिखली रंग झाला होता. श्वेताने मोबाइलमधला फोटो काढून धरला. त्या फोटोतला रागीट पापलेट ढिगात कुठे दिसत नव्हता.

मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि खाली बसली. एकेक भोपळा मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे आणि दोन्ही हातांनी सगळ्या अंगावरून बोटं फिरवायची. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. पाचव्याला काहीतरी उठलेलं लागलं, पण तो नुसताच जुन्या खोकेचा वण होता, अक्षर नव्हे. ड्रेसची वाट लागली. कोपरापर्यंत हात रंगले. खंडू मिशीला पीळ देत बघत होता. बाई भोपळे चाचपून काय शोधतेय ते त्याने विचारलं आणि तिने मान वर न करता सांगितलं: नाव आहे एकावर, वेलावर असताना काट्याने घातलेलं. टोपली बाजूला ठेवून तो ढिगाच्या दुसऱ्या टोकाला उकिडवा बसला आणि आपल्या जाड बोटांनी तिकडून सुरुवात केली. त्यांच्या गावाकडेही पोरं असली अक्षरं घालतात, आपणही घातली होती, असं त्याने थोड्या वेळाने सांगितलं.

बाविसावा भोपळा श्वेताने मांडीवर घेतला. बोटं फिरली आणि थांबली. एक गाठ, गोल, मग उभी दांडी. पुढे आणखी एक दांडी, वर वेलांटीचा वळसा. रंग तिथे जाड होता, कोपऱ्यात निळा. तिने ओढणीच्या टोकाने घासलं, थुंकी लावून घासलं, आणि चिखलातून ‘व’ वर आला.

श्वेता तिथेच, शेणाच्या पाटीशेजारी, भोपळा कवटाळून रडायला लागली. आणि रडता रडता हसायलाही लागली, कारण अक्षरांच्या खाली पापलेटाचा एक डोळा तेवढा शाबूत होता आणि तो अजूनही तिच्यावर रागावलेला होता. छातीवरचं केवढं ओझं उतरलं होतं. खंडूने तिला पाणी आणून दिलं. मग तिच्या हातातून भोपळा घेऊन त्याने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, “ताई, देठ तुटलाय याचा. गोणीत मोडला असंल. आता हा ऱ्हायचा न्हाई. आठ-दहा दिसांत खाऊन टाका.”

देठाच्या जागी ओला, पिवळट खळगा होता. श्वेताने सगळ्या गोण्या झटकून पाहिल्या. देठ सापडला नाही, आणि सापडला असता तरी तो चिकटवता थोडाच आला असता.

घरी परतताना भोपळा तिने मांडीवर घट्ट धरला होता. आनंद होता, आणि आनंदाच्या खाली तो खळगा होता. धुऊन, पुसून, खळगा भिंतीकडे करून ठेवला तर खालून कळणार नाही, असं एक मन सांगत होतं. आठ दिवसांनी तो कुजेल तेव्हा आपोआप कुजला असं होईल. आपलं नाव कुठे येत नाही. हे मन चलाख होतं आणि हायवेभर बोलत राहिलं.

मोरीत तिने भोपळा धुतला. टूथब्रशने घासला. समुद्र वाहून गेला, जहाज गेलं, पापलेट गेला, भोपळा पूर्वीसारखा पिवळसर तपकिरी झाला. अक्षरांमधून मात्र रंग निघेना. खरबरीत सालीच्या भेगांत निळा असा मुरला होता, की ‘वनी’ आता दारावरच्या पाटीसारखं ठसठशीत निळं दिसत होतं. ती आणखी साबण लावणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात वनमालाबाई उभ्या होत्या, हातात पिशवी. मंगळवारी येणाऱ्या बाई सोमवारी दुपारीच आल्या होत्या. शकुच्या हातचं जेवणसुद्धा न जेवता रिक्षा करून आल्या होत्या. तुझा आवाज मला बरा लागला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर सुनेच्या रंगीत कोपरांवरून, ड्रेसवरून मोरीच्या उघड्या दाराकडे गेली.

श्वेताचं चलाख मन गप्प झालं. तिने सासूबाईंना खुर्चीवर बसवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. बाजारातल्या फाका, रंग, पाणीपुरी, मुका केलेला ग्रुप, तबेला, खंडू, बाविसावा भोपळा. देठाचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, “आई, चूक माझीच आहे. स्वरदाने नको म्हटलं होतं. तो तुम्हाला ठेवायचा होता आणि आता तो राहणार नाही.”

वनमालाबाई उठल्या. मोरीत जाऊन त्यांनी भोपळा उचलला, पदराने पुसला, आणून टेबलावर ठेवला. देठाच्या खळग्यात अंगठा घालून पाहिला. निळ्या अक्षरांवरून हात फिरवला. श्वेताला वाटलं, ओरडल्या तर बरं होईल.

मग त्या मोठा श्वास सोडून खुर्चीत बसल्या. “सुटलंय गो मी,” त्या म्हणाल्या.

श्वेताला कळेना. तेव्हा वनमालाबाईंनी सांगितलं. श्वेता लॅबमध्ये गेली, की त्या रोज स्टुलावर चढायच्या आणि देठाला हात लावून बघायच्या. एकाहत्तराव्या वर्षी, गुडघे धरलेले असताना, रोज. कापवत नव्हता, कारण कापला की संपला. ठेववत नव्हता, कारण कुंडलिकाने खायला पाठवलेली वस्तू कपाटावर कुजवायची म्हणजे त्याचा अपमान. दिंडोशीला त्या माहेरपणाला गेल्या नव्हत्या. त्या भोपळ्यापासून पळून गेल्या होत्या, आणि तिथेही रात्री त्यांना तोच दिसत होता. आता देठच गेला. ठेवायचा की कापायचा, हे ठरवायचं काम त्यांच्यावर राहिलं नाही.

“आणि स्टुलावर चढायचंही नाही,” श्वेता म्हणाली. तिला एकदम रडू आलं होतं आणि ते असं बाहेर पडलं.

दुपारी स्वरदा शाळेतून आली. आजीला बघून तिने दारातच दप्तर खाली टाकलं आणि सगळा गुन्हा एका दमात कबूल केला, पापलेटासकट. आजीने पापलेट कसा होता ते विचारलं, मोबाइलमधला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला, आणि हा पापलेट नव्हे, हा सरंगा मासा, असं काहीतरी म्हणून नातीला आणखी गोंधळात टाकलं. श्वेताने लॅबला कळवून सुट्टी घेतली. वनमालाबाईंनी ओट्याखालची कोयती काढली आणि ती श्वेतापुढे धरली.

श्वेता मागे सरली. सभेतल्या आजी तिला आठवल्या. बाजारातून अख्खा भोपळा आणला की सासूबाई तो नेहमी आधी निलेशला, नाहीतर वॉचमनला कापायला द्यायच्या, हेही आठवलं. घरात आपण तिघी बायका, पहिला घाव कोण घालणार, तिने विचारलं.

“पयलो घाव कुंडलिकान घालून ठेवल्यान,” वनमालाबाई म्हणाल्या. “तू काप.”

आणि मग अकरा वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. निलेशचे वडील गेले तेव्हा निलेश चार वर्षांचा होता. त्या वर्षी गावाहून भोपळा आला, घरात पुरुष नाही, म्हणून त्या तो घेऊन चाळीतल्या एका शेजाऱ्याकडे गेल्या. त्याने कापून दिला, पण दारात ताटकळत ठेवून, आणि बाईमाणसाचं एकटीचं कसं अडतं यावर चार वाक्यं ऐकवून. भाऊबीजेला कुंडलिक आला तेव्हा त्यांनी हे सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात त्याने वेलावरच्या भोपळ्याला काट्याने नाव घातलं आणि निरोप पाठवला: पहिला घाव मी घातला आहे, आता तुला कुणाच्या दारात जायचं कारण नाही. निलेश मोठा झाला, तरी तो दरवर्षी घालत राहिला.

श्वेता टेबलावरच्या त्या दोन निळ्या अक्षरांकडे बघत राहिली. मग तिने कोयती घेतली. अक्षरं एका फाकेवर अखंड राहतील अशा बेताने तिने पहिला वार केला, आणि भोपळा कचकन उघडला. आत तो गर्द केशरी, कुठे डाग नाही, कीड नाही, बिया टपोऱ्या. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास तिघींनी एकदमच सोडला.

घारगे झाले, भाजी झाली. नावाची फाक वनमालाबाईंनी बाजूला ठेवली होती. ती वाळवून ठेवू या का, असं श्वेताने विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या हाताने ती सालीसकट चिरून भाजीत टाकली. सालीतल्या भेगांत मुरलेला निळा रंग तेवढा त्यांनी आधी सुरीच्या टोकाने खरवडून काढला. जेवताना पुन्हा पुन्हा वाढून घेतलं. किती दिवसांनी त्या अशा पोटभर जेवत होत्या, हे श्वेताच्या लक्षात आलं.

संध्याकाळी बाल्कनीत वर्तमानपत्रावर बिया पसरल्या. त्यांना राख चोळायला हवी, पण बोरिवलीत राख कुठून आणायची, म्हणून शुभाताईंच्या घरातून उदबत्त्यांची आणली; एवढं त्यांच्याकडून वसूल करायलाच हवं होतं. बिया सिद्धेशकडे जाणार होत्या. पुढच्या श्रावणात आपण तिघी गावाला जायचं, मुठीएवढा भोपळा बघून काटा घ्यायचा आणि नाव तू घालायचं, असं आजीने स्वरदाला सांगितलं. स्वरदा बिया ओळीने मांडत होती. तिने हात थांबवून विचारलं, की वनीच लिहायचं ना?

“नाय,” वनमालाबाई म्हणाल्या. “तुझ्या आवशीचा लिही.”

“मम्मीचं?” स्वरदाने आईकडे पाहिलं. श्वेताच्या हातातली बी हातातच राहिली होती. “पण श्वेता मावेल का तेवढ्याशा भोपळ्यावर?”

“बारीक लिही,” आजी म्हणाली. “मगे वाढता तां.”